कणकेचं माप

अक्कांची दोन गोष्टींत ख्याती होती, आणि ती दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसणं त्यांना मान्य नव्हतं. एक, त्यांच्या हातून गॅसवर आजवर काही करपलं नाही. दोन, त्यांनी कणीक मळली की परातीला कण म्हणून चिकटलेला दिसायचा नाही. परातीत तोंड बघून भांग पाडावा! सुनेला हे इतकं पाठ होतं की अक्का थांबल्या तर पुढचं वाक्य ती म्हणायची.

नाक कापलं गेलं होतं ते फक्त गाडीपायी. अक्कांच्या यजमानांची जुनी गाडी. ते गेले तरी अक्कांनी ती विकू दिली नाही. पण धाकट्या बहिणीचं घर पडलं चढावर. मागल्या खेपेला गाडी अर्ध्या चढावर अशी बसली की जणू सासरी जायचंच नाही म्हणून अडून बसलेली नवरी. शेवटी धाकटीनं आपल्या नव्या कोऱ्या गाडीला दोर बांधून ती वर ओढून नेली. वर पोचल्यावर म्हणाली, "अक्का, दोर ठेव तुझ्याकडेच. लागेल."

तो दोर अक्कांनी दाराच्या मागे टांगला होता. येता-जाता त्या त्याला शिव्या घालत.

घराच्या पुढच्या खोलीत थोरल्या मुलाचं गॅरेज. त्यानं आईचा अपमान मनावर घेतला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून पातळ करून आणलं आणि त्यात मोठे व्हॉल्व बसवले. गाडीत जोर येणार होता, पण एक धास्ती होती. झाकण खाली सरकलेलं, व्हॉल्व मोठे झालेले, आणि खालून पिस्टन वर येणार. दोघांची टक्कर झाली की व्हॉल्व वाकले आणि इंजिन भंगारात. म्हणून पिस्टनवर मऊ मातीचा थर ठेवायचा, हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं, पुन्हा उघडायचं आणि व्हॉल्वनं दाबलेल्या जागी थर किती जाड उरला ते मोजायचं. दोन मिलीमीटर उरला तर बरं.

नेमकं त्या रविवारी मातीच्या डब्याचं झाकण उघडं राहून मातीचा दगड झालेला. दुकानं बंद. दुपारी धाकटी जेवायला येणार, आणि जेवून दोन्ही गाड्या चढावर जाणार असं अक्का फोनवर छातीठोक सांगून बसलेल्या.

"माती कशाला हवी?" अक्का म्हणाल्या. "माझी कणीक घे. बोट दाबलं तर संध्याकाळपर्यंत ठसा जागचा हलत नाही."

दुसरा इलाज नव्हता. थोरल्यानं शेवटच्या पिस्टनवर कणीक थापली, हेड बसवलं, बोल्ट आवळले, इंजिन फिरवलं, बोल्ट सोडले, हेड उचललं. ठसा सुरेख उठला होता. तो अलगद काढून त्यानं ताटलीत ठेवला आणि मोजपट्टी आणायला आत गेला.

अक्का आल्या. ताटलीत कणकेचा वेडावाकडा, मधेच चेपलेला तुकडा! आपल्या घरची कणीक या अवस्थेत? त्यांनी तो उचलला, तेलाचा हात लावला, चार वेळा मळला आणि छान गोळा करून ठेवला.

थोरला परतला आणि गोळ्याकडे बघत राहिला.

"आई, ते माप होतं."

"माप वाटीत असतं," अक्का म्हणाल्या. "मला शिकवू नकोस."

सून हसू लपवायला स्वयंपाकघरात पळाली. थोरल्यानं डोक्याला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: कणीक, हेड, बोल्ट, फेरे. या वेळी मापलं, जागा दोन मिलीमीटरच्या वर भरली. पण अर्धी कणीक वर हेडच्या खळग्यात चिकटली होती. ती पुसायला तो फडकं शोधू लागला, तर अक्कांनी हेड पुढ्यात ओढलं. कणीक काढावी तर त्यांनीच. हेडला चार खळगे, चार पिस्टनचे. पंगतीत वाढावं तसं एका टोकापासून त्या पुसत गेल्या. तिसरा लख्ख झाला आणि फोन वाजला. धाकटी वळणावर पोचली होती! अक्का पदर सावरत उठल्या.

आईनं पुसलंय म्हटल्यावर थोरल्यानं तपासलंच नाही. हेड कायमचं आवळून टाकलं.

जेवण झालं, धाकटी बाहेर आली. अक्का गाडीत सम्राज्ञीसारख्या बसल्या. थोरल्यानं किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच हाकेला गुरगुरलं. कुठे खडखड नाही, धडधड नाही. अक्कांची मान वीतभर वर गेली.

मग मागच्या नळीतून निळसर धूर आला आणि त्याच्याबरोबर खमंग वास. खमंगाचा बघता बघता करपट झाला.

धाकटीनं नाक उडवलं. "अक्का, तुझं काहीतरी करपलं गं!"

थोरल्यानं अक्कांकडे बघितलं. अक्कांना चौथा खळगा आठवला. गाडी करपली म्हणावं तर धाकटी जाऊन तो दोर काढून आणणार. कणीक करपली म्हणावं तर जन्माची अब्रू गेली. अक्कांनी एकदा घराच्या दाराकडे बघितलं, एकदा यजमानांच्या गाडीच्या स्टिअरिंगकडे.

"हो," त्या म्हणाल्या. "गॅस चालू राहिला वाटतं. माझ्याच हातून."

दारात उभ्या सुनेच्या हातातला तांब्या पडला.

धूर निवळला आणि गाडी निघाली. चढ आला तशी ती थांबली नाही, कण्हली नाही. धाकटीला मागे टाकून दणदणत वर गेली. अक्कांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आरशात दिसत होतं.

वर सगळी बहिणीची माणसं जमली होती. आता कुणीतरी गाडीचा विषय काढेल म्हणून अक्का पुढचं दार उघडं टाकूनच उभ्या राहिल्या. मागून धाकटी पोचली, लगबगीनं उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ऐकलंत का? आज अक्काच्या हातून करपलं!"

संध्याकाळभर तेच चाललं. चढाचं कुणी विचारलंच नाही.