दादासाठी चार गोळ्या

त्या चार गोळ्या मी अगदी चांगल्या हेतूनं घेतल्या. (माझ्या हातून झालेली बहुतेक नुकसानं चांगल्या हेतूनंच झाली आहेत.)

त्याचं असं झालं. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, न्यूमोनिया झाला. जोरदार अँटिबायोटिक द्यावं लागलं. छाती सुधारली, पण पोट पार बिघडलं. दिवसाला पंधरा-पंधरा जुलाब. औषध दिलं की थांबायचे, बंद केलं की पुन्हा सुरू. असे तीन महिने गेले, तेव्हा वहिनीचा मला ऑफिसात फोन आला. मी जन्ममृत्यू नोंदणीत कारकून आहे, आणि त्यातही मृत्यूच्या खिडकीवर बसतो. वहिनीचा रडका आवाज ऐकला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "किती वाजता?"

"अजून नाही, भाऊजी," वहिनी म्हणाली. "पण तुमच्याकडे एक काम आहे."

दादा आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. आईच्या शेवटच्या दिवशी त्यानं मला 'लगेच निघ' म्हणून कळवलं होतं. रांगेतले तेवढे दाखले उरकू आणि निघू, असं मी ठरवलं. पोचलो तेव्हा आईनं डोळे मिटले होते. "आता कशाला आलास?" एवढंच दादा म्हणाला. यावर काय बोलावं याचा मी विचार करत होतो, त्यात सहा वर्षं गेली.

पोटाच्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून समजावलं. "आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. त्यातले बहुतेक कामाचे. ते अन्न पचवायला मदत करतात, जीवनसत्त्वं तयार करतात आणि वाईट जंतूंना पाय पसरू देत नाहीत. तुमच्या भावाचे चांगले जंतू औषधानं मेले. एक वाईट जातीचा तेवढा उरला, आणि त्यानं सगळं आतडं बळकावलंय."

"मग आता?"

"निरोगी माणसाचे जंतू त्यांच्या पोटात सोडायचे."

"ते कुठं मिळतात?"

"निरोगी माणसाच्या शौचात. आम्ही तपासून, गाळून, नळीनं आत सोडतो. तुमच्या वहिनींना मधुमेह आहे, त्या चालणार नाहीत. तुम्ही द्याल?"

मला भरून आलं. दादानं आपल्याकडे कधीतरी काहीतरी मागावं, ही जुनी इच्छा होती. (तो हे मागेल असं मात्र वाटलं नव्हतं.) मी म्हणालो, "डॉक्टर, लागेल तेवढं घ्या."

तपासणी गुरुवारी होती. मंगळवारी सकाळी माझा घसा खवखवला आणि माझं धाबं दणाणलं. सर्दीवरून आपल्याला बाद केलं तर? गेल्या वर्षी पायाचं नख रुतलं होतं, तेव्हाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी खणात पडून होती. चार गोळ्या. दोन मंगळवारी घेतल्या, दोन बुधवारी. बायकोला बोललो नाही. ती म्हणाली असती, डॉक्टरांना विचारा. आणि विचारलं असतं, तर ही गोष्ट झालीच नसती.

गुरुवारी नर्सबाई फॉर्म भरायला बसल्या. "सध्या पोट कसं आहे?"

"कालपासून जरा सैल आहे. पण उत्साहामुळं असेल."

"गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय?"

"हो तर!" मी अभिमानानं म्हणालो. "कालच संपवलं. म्हटलं, दादाला माल शुद्ध मिळावा."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या डॉक्टरबाईंना बोलावून घेऊन आल्या.

"अहो, जे जंतू आम्हाला हवे होते," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्यावरच तुम्ही औषध घातलंत. आता तीन महिने तुम्ही चालणार नाही."

"आणि दादा? तीन महिने?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मृत्यूच्या खिडकीवर बसणाऱ्याला फाइल मिटण्याची असली रीत चांगली कळते.

दादाला सांगायला मीच गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत आलं होतं. चादरीखाली माणूस आहे की नुसती घडी, कळत नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यानं चादर वर ओढली. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं गोळ्या खायला?"

सहा वर्षांतलं त्याचं ते पहिलं वाक्य. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. रडणंही धड पुरं झालं नाही. मला संडासाकडे पळावं लागलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. "उद्या मी जाते तपासून घ्यायला," ती म्हणाली.

"तू? आईच्या वेळी तू दादाला काय काय बोललीस, आठवतं ना?"

"तोंडानं बोलले होते. त्यांना तोंड कुठं हवंय?"

तिच्या तपासण्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माझ्या खिडकीवर 'जुलाबानं अशक्तपणा' असं कारण लिहिलेला एक अर्ज आला. भाऊ गेलेला एक माणूस समोर उभा होता. शिक्का उचलला, पण हात खाली येईना. "साहेब, काही चुकलंय का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तुमचं नाही."

बायको सगळ्या तपासण्यांत पास झाली. "तुमच्या मिसेसचं आतडं आदर्श आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. (एकाच भांड्यातलं जेवून तीस वर्षं झाली, पण मला असं कुणी म्हणालं नाही.) उपचार झाला. चौथ्या दिवशी जुलाब तीनवर आले. दहाव्या दिवशी दादानं स्वतः उठून खिडकी उघडली आणि वहिनीला विचारलं, "जेवायला काय आहे?" हे वहिनीनं मला फोन करून दोनदा सांगितलं.

महिन्यानं दादाचाच फोन आला. मी "दादा!" म्हणालो.

"बरा आहेस ना?" तो म्हणाला. "तुझ्या बायकोला दे."

अर्धा तास दोघं बोलत होती, हसत होती. मी पाण्याचा एक ग्लास चारदा विसळला. तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाले, माझे जंतू पोटात गेल्यापासून तुमच्याबद्दल त्यांना अगदी माझ्यासारखंच वाटायला लागलंय."

माझे डोळे भरून आले. "म्हणजे प्रेम?"

"नाही हो," ती म्हणाली. "कीव."