फुप्फुसाला फोडणी नको

वैष्णवी विद्यापीठातून तरसालीच्या घरी परतली की तिला आधी अंगणातल्या नळाखाली उभं राहावं लागे. मेडिकल फिजिक्सच्या एम.एस्सी.ला असलेल्या मुलीच्या अंगाला किरण चिकटून घरात येतात, याबद्दल तिच्या आजोबांची, म्हणजे दत्ताजीरावांची, पक्की खात्री होती. हातपाय धुवायचे, ओढणी झटकायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. घरातल्या सगळ्यांना हा नियम पाठ होता.

"आबा, मशीन बंद झालं की किरण संपले. बल्ब विझल्यावर उजेड भिंतीला चिकटून राहतो का?"

"ते तुझ्या सरांना सांग. पाय धू."

पोरगी अशी गुणी, की हसत हसत पाय धुवायची.

त्या दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कर्करोगाच्या रोग्याला किरण देण्याआधी ते नेमके किती पोचतात हे पुतळ्यावर मोजून बघतात. वैष्णवीने महिनाभर खपून मेणाच्या थरांची छाती केली होती. फुप्फुसं हवेने भरलेली, हलकी. म्हणून त्या जागी बसवायला बुचाच्या लाकडाचे दोन तुकडे कापून ठेवले होते. इस्पितळाचं मशीन मुलांना तेवढ्या दुपारपुरतं मिळणार होतं. ती संधी हुकली की अख्खं सत्र वाया.

सकाळी बघते तर छाती जागेवर, फुप्फुसं गायब.

"आई, माझी फुप्फुसं कुठायत?"

"मला काय विचारतेस? मी माझीच सांभाळते," कौशल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

फुप्फुसं दिवाणखान्याच्या भिंतीवर होती. गायकवाडी फौजेतल्या खापरपणजोबांची पदकं दत्ताजीरावांनी त्यांच्यावर गोंदाने चिकटवली होती, वर चार-चार खिळेही ठोकले होते.

"आबा! हे माझं परीक्षेचं होतं!"

"मला वाटलं, पडून आहे. कोरं होतं म्हणून घेतलं. मशीनखालचं असतं तर हात तरी लावला असता का मी?" म्हाताऱ्याचा चेहरा मात्र पार उतरला.

दुसरी मुलगी असती तर रडत बसली असती. वैष्णवी स्वयंपाकघरात गेली. तिथे नाश्त्याचं खमण नुकतंच वाफवून उतरलं होतं. तिने एक तुकडा दाबला, सोडला, मापून कापला, काट्यावर ठेवला, मनाशी भागाकार केला आणि म्हणाली, "आई, ही सगळी थाळी मला दे."

"थांब ने, मोहरी-मिरची तरी घालू दे."

"फुप्फुसाला फोडणी नको!"

अपराधी दत्ताजीरावांनी स्कूटर काढली. मागे वैष्णवी, तिच्या मांडीवर मेणाची छाती आणि हातात खमणाचा डबा.

इस्पितळात बाहेरून आलेले परीक्षक छातीत डोकावले. "बेन, आ तो खमण छे!"

"हो सर, फुप्फुस आहे. खऱ्यापेक्षा थोडं जड भरतं. श्वास सोडलेल्या माणसाचं समजा. घनता आत्ताच इथल्या सीटी स्कॅनवर मोजलीय आणि हिशोबात धरलीय."

परीक्षकांनी हिशोब पाहिला. मशीन चाललं, आकडे आले आणि तिच्या हिशोबाशी जुळले. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "बुचाचं तर सगळेच आणतात. शाबास!"

बाहेर बाकावर दत्ताजीराव दाराकडे डोळे लावून बसले होते. वैष्णवीने डबा उघडून दाखवला. "आबा, पास! हे बघा तुमचं फुप्फुस."

"हे आत्ता मशीनखाली होतं?"

"हो."

दत्ताजीरावांनी डब्याकडे पाहिलं, मग नातीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे. एवढी हुशार पोर आपल्या घरात, आणि आपण तिला रोज नळाखाली उभी करतो! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी एक तुकडा उचलला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

"फोडणी हवी होती," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत ही बातमी फोनवरून पुढे पोचली होती. कौशल्याबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या.

"मामंजी, थांबा. वैष्णवीचं ठीक आहे, ती बाहेरून धुतली की झालं. तुम्ही तर किरण खाऊन आलात!"

"सूनबाई," दत्ताजीराव उंबरा ओलांडत म्हणाले, "बल्ब विझल्यावर उजेड भिंतीला चिकटून राहतो का?"