सासरेबुवांनी वाटलेले पॉइंट

सूनबाई दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि जाताना कॉम्प्युटर सासरेबुवांच्या ताब्यात देऊन गेली, इथंच सगळं बिनसलं.

जुने व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळायचे आणि त्यांत चांगलं काय, वाईट काय, ते एका मासिकात लिहायचं, असं तिचं काम होतं. या महिन्याचा लेख संपादकांना पसंत पडला तर नोकरी कायम होणार होती. नाही तर त्यांनी दुसरं माणूस बघूनच ठेवलं होतं. म्हणून तिनं एक नावाजलेला जुना खेळ निवडला होता. एक तलवारवाला वीर जमिनीखालच्या किल्ल्यात उतरतो आणि दिसेल त्या राक्षसाला कापत जातो. राक्षस मेले की वीराला पॉइंट मिळतात. ते बळ, चपळाई, जादू आणि प्राण अशा चार रकान्यांत आपण घालायचे. हे सगळं ती रोज जेवताना सांगायची आणि सासरेबुवा मान डोलवायचे. लेखही बहुतेक तयार होता. ‘इथं एकदा केलं ते केलं, मागे फिरणं नाही, म्हणून प्रत्येक निर्णयाला वजन येतं,’ असं तिनं चांगल्या बाजूला पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आता फक्त शेवटचा महाराक्षस मारायचा उरला होता, आणि नेमकी दाढ ठणकायला लागली.

वीर छावणीत उभा होता, तिथं त्याला कोणी मारत नाही. पण स्क्रीन झोपली की हा म्हातारा खेळ बंद पडायचा आणि किल्ला पुन्हा पहिल्यापासून उतरावा लागायचा. तेव्हा बाबांनी अधूनमधून माऊस हलवावा, बाकी कशाला हात लावू नये, असं तिनं गाल धरून सांगितलं.

सासरेबुवांनी माऊस हलवला. पुन्हा हलवला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या चार रकान्यांवर गेली आणि तिथंच अडकली. बळाचा रकाना ओसंडून वाहत होता, बाकीच्या तिघांत खरकटं म्हणावं एवढंच. आणि खाली पॉइंटांचा ढीग नुसता पडून.

सासरेबुवांची सारी हयात मुलांच्या वसतिगृहात वाढप्याचं काम करण्यात गेली होती. पंक्तिप्रपंच त्यांना कधी खपला नाही. रेक्टरच्या भाच्यालाही त्यांनी तेवढाच डाव वाढला, जेवढा इतरांना. एक ताट शिगोशिग भरलेलं, तीन ताटं कोरडी आणि भांडं अजून भरलेलं, हे बघून त्यांना राहवेना. माऊस तर हलवायचाच होता. त्यांनी तो अधिकाच्या खुणेवर हलवला आणि जपून, सांडलवंड न करता, तिघांना सारखं वाढलं. बळाला काहीच दिलं नाही, त्याचं पोट भरलेलंच होतं. भांडं रिकामं झालं तेव्हा त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

सूनबाई आली ती अर्धा चेहरा बधिर घेऊन. खुर्चीत बसली. तिची नजर कोपऱ्यातल्या रकान्यांवर गेली.

"बाबा, पॉइंट कुठंयत?"

"वाटले."

"कोणाला?"

"ज्यांना कमी होतं त्यांना."

सूनबाईनं डोळे मिटून घेतले. मग हळूहळू सासरेबुवांना कळलं ते असं. वीराच्या पिशवीत एक मोठी तलवार होती, आणि महाराक्षसाच्या कातड्याला तिच्याशिवाय ओरखडाही उठत नसे. ती उचलायला बळ कमी पडत होतं. त्यासाठी सूनबाई कित्येक दिवस पॉइंट साठवत होती. वाढलेलं परत काढता येत नव्हतं.

पुन्हा साठवायला वेळ नव्हता, लेख दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता, म्हणून वीराला जुनीच तलवार देऊन पाठवला. तो मेला. या खेळात वीर मेला की छावणीत पुन्हा उठतो, पण चिलखत पडतं तिथंच राहतं. ते आणायला तो नुसत्या सदऱ्यावर गेला आणि मेला. सदरा आणायला गेला, मेला. बूट आणायला गेला, मेला. संध्याकाळी तो लंगोटावर छावणीत उभा होता आणि सासरेबुवांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"त्याला निदान एक टॉवेल तरी द्या," सासूबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "जन्मभर परक्यांच्या पोरांना नीट वाढलंत, आणि घरच्या पोरीच्या अन्नात माती कालवलीत."

सासरेबुवा त्या दिवशी जेवले नाहीत. संपादकांना फोन करून गुन्हा कबूल करतो म्हणाले, तेही सूनबाईनं करू दिलं नाही. तिनं लेख नव्यानं लिहायला घेतला. मागे फिरणं नाही, ही ओळ उचलून वाईट बाजूला टाकली. पिशवी फार लहान, हेही लिहिलं. पण अंधारातलं संगीत, तलवारीचा खणखणाट, दार उघडताना वाटणारी धास्ती अजून तशीच आहे, एवढं तिनं प्रामाणिकपणे चांगल्या बाजूला राहू दिलं. शेवटी पॉइंट समान वाटल्यावर वीराचे काय हाल झाले, ते लंगोटासकट लिहिलं, आणि खेळ मला पुरा करता आला नाही असं सांगून लेख पाठवून दिला. मग दुसऱ्या नोकरीच्या जाहिराती बघायला लागली.

दोन दिवसांनी संपादकांचा फोन आला. इतकी वर्षं लोक हा खेळ खेळताहेत, पण असा मूर्खपणा करायचं कोणालाही सुचलं नव्हतं, असं ते म्हणाले. सगळं ऑफिस हसून बेजार झालं होतं. नोकरी कायम. अट एकच, दर महिन्याला खेळ असाच उलटा खेळायचा. सुचतं कसं हे, असं त्यांनी विचारलं.

"घरात अनुभवी माणूस आहे," सूनबाई म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या खेळाला तिनं सासरेबुवांना मानानं खुर्चीत बसवलं आणि मनाला येईल तसं करा म्हणाली. त्यांच्या डोळ्याला मात्र त्या दिवसापासून धड झोप नव्हती. कुठं चुकलं, याचाच ते विचार करत होते. याही खेळात तसेच रकाने होते. त्यांनी मन घट्ट करून सगळेच्या सगळे पॉइंट बळात ओतले. पहिला राक्षस एका घावात आडवा झाला. दुसराही झाला.

"बघ सूनबाई," ते वळून म्हणाले. "आता नाही चुकायचा मी."

त्यांचा उजळलेला चेहरा बघून, चुका म्हणून सांगणं सूनबाईच्या जिवावर आलं. तिसरा राक्षस पडला. तिचा चेहरा उतरत चालला. चौथा पडला तेव्हा तिनं स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"आई, हातातलं झालं असेल तर जरा इथं बसता का?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"म्हणूनच," सूनबाई म्हणाली, आणि तिनं सासरेबुवांच्या हातातून माऊस हळूच काढून घेतला.