हॉलंडात चीज विकणारे आहेर

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा भास्करराव आहेरांनी थालीपिठाची जाडी मोजली. खिशातून व्हर्नियर काढलं, रुमालाने पुसलं, थालीपीठ मोडून कडेला आणि मध्ये त्याच्या चिमट्यात धरलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, कडेला चार मिलिमीटर, मध्ये सहा. मापात बसतंय." बायकोला आधी राग आला. पण आजवर तिच्या स्वयंपाकाकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं, हेही खरं. पुढच्या वेळी तिने स्वतःच विचारलं, "आज किती भरलं?"

सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो आणि ते तपासणी खात्यात. राहायला एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत. आहेर मूळचे देवळ्याकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. बायको लवकर गेली, तेव्हापासून घरात बाप आणि लेक वैशाली, दोघंच. दिवसभर लोखंडी पिना तपासायच्या, मापाबाहेरची पीन बाजूला टाकायची. ही सवय घरीही सुटेना. साबणाची वडी, बिस्किट, लग्नपत्रिका, जे हातात येईल ते मोजायचे.

नव्वदच्या दशकात कधीतरी कॉलनीतल्या दुकानात चीज स्लाइस यायला लागले. वैशालीने हट्टाने एक पाकीट आणलं. आहेरांनी दहाच्या दहा स्लाइस ताटात मांडून मोजले आणि संध्याकाळी मला हाक मारली.

"जोशी, हे बघा. दुधाची वस्तू, आणि दहाही एका मापाचे. आमच्या पिनासुद्धा अशा येत नाहीत."

"चव कशी आहे?" मी विचारलं.

"चव लय वाईट हो. साबणासारखी. पण माल काय आहे!"

पुढे वैशालीचं लग्न झालं आणि ती हॉलंडला गेली. सालभरात आहेरांनी कंपनीची स्वेच्छानिवृत्ती घेतली. रविवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तिला फोन करत. एकदा ती बोलता बोलता म्हणाली, इथलं पुष्कळसं चीज वासराच्या पोटातलं काहीतरी घालून करतात, त्यामुळे आपल्याकडची शाकाहारी मंडळी त्याला हात लावत नाहीत. झालं. आहेरांच्या डोक्यात शिरलं की शाकाहारी स्लाइस नाशिकहून हॉलंडला पाठवायचे.

इंग्रजी टायपिंग माझ्याकडे आलं. त्यांनी सांगितलेला पत्ता होता, 'मुख्य अधिकारी, चीज खातं, हॉलंड'. मी म्हटलं, असं खातं नसेल. ते म्हणाले, "एवढं चीज खाणारा देश, खातं नसेल होय?" शेवटी हॉलंडच्या मुंबईतल्या कचेरीचा पत्ता शोधून मी पत्र टाकलं. दीड महिन्याने उत्तर आलं. भाषा फार अदबीची होती, पण अर्थ एवढाच, की भारतातले दुधाचे पदार्थ तिकडे नेता येणार नाहीत.

"नाही म्हणतायत," मी सांगितलं.

"किती नाही म्हणतायत?"

"पूर्ण नाही."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि विषय संपला, असं मला वाटलं. त्या दिवाळीनंतर एक दिवस ते येऊन म्हणाले, "जोशी, मी स्वतःच जाऊन बघतो. इथे बसून धंदा होत नाही."

मी म्हटलं, "अहो, हॉलंडला चीज विकायला जाणार? म्हणजे रामकुंडावर जाऊन गोदेचं पाणी विकण्याची गत."

"विकतातच की," ते म्हणाले. "सीलबंद गडूतून. लोक गावाला घेऊन जातात."

जानेवारीत ते गेले.

एप्रिलमध्ये परतले ते खुशीत. वैशालीच्या घराजवळ त्यांना एक किराणावाला भेटला होता. त्याचे पणजोबा हिंदुस्थानातून जहाजाने कुठल्याशा दूरच्या देशात मजुरीला गेलेले, हा तिथून हॉलंडला आलेला. दोघं मोडक्या हिंदीत बोलत. नाशिकचा माल येऊ शकत नाही म्हटल्यावर आहेरांनी त्याला इंग्लंडहून शाकाहारी स्लाइसची खोकी मागवायला लावली. रोज सकाळी दुकानात जाऊन उभे राहायचे. गुजराती बायका आल्या की पाकीट हातात द्यायचे. "बहेनजी, वेजिटेरियन. सब एक माप का."

"आणि तिकडचं चीज कसं असतं?" मी विचारलं.

"चाकाएवढं असतं. कापून देतात, पण एक फोड जाड, दुसरी पातळ. पिढ्यान्‌पिढ्या करतायत, पण मापाचं नाव नाही."

आठवड्याला दोन-तीन खोकी जायची. उरलेल्यांनी वैशालीचा फ्रीज भरलेला असे. हा काही धंदा नव्हे, हे मलाही कळत होतं. पण पुढच्या जानेवारीत ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. कॉलनीत त्यांचं नाव 'चीजवाले आहेर' पडलं. ते ऐकून घ्यायचे आणि बॅग भरायला लागायचे.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात वैशाली नाशिकला आली. एकटीच. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपलेले पाहून आमच्याकडे आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "काका, एक काम होतं. मी आणि ते वेगळे झालोय. तीन वर्षं होऊन गेली. बाबांना सांगितलं नाही. त्यांना सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही सांगाल?"

"अगं, पण ते तर दर वर्षी तीन महिने तुझ्याकडेच राहतात."

"मी बाबांना सांगते, तुमचे जावई कामासाठी स्वीडनला असतात. बाबांना काही कळत नाही, काका. त्यांचं सगळं डोकं त्या चीजमध्ये. घरात कोण आहे, कोण नाही, त्यांचं लक्षच नसतं." एवढं बोलून ती रडली. माझी बायको तिच्याजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. देवळ्याहून भावाने पाठवलेले कांदे आहेर निवडत बसले होते. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. मी शेजारी बसलो. कसं सुरू करावं ते कळेना.

"वैशालीबद्दल बोलायचंय," मी म्हटलं.

"सांगायला पाठवलं का तिने तुम्हाला?" त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "मला ठाऊक आहे, जोशी."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा गेलो, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून. फोनवर आधी म्हणायची, आम्ही जेवलो, आम्ही बाजारात गेलो. मग म्हणायला लागली, मी जेवले, मी गेले. दोन रविवार ऐकलं. तिसऱ्या रविवारी तिकिटाची चौकशी केली."

मी विचारलं, "मग सरळ तसं सांगून का नाही गेलात?"

"काय सांगून जाणार? आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आणि ती बोलत नसताना मी कसं विचारू? धंद्याला आलेला माणूस मात्र कुठंही उतरतो. त्याला कोणी काही विचारत नाही." पुढचा कांदा उचलून म्हणाले, "ती म्हणायची, जावई स्वीडनला. मी म्हणायचो, थंडी असेल तिकडे."

"आता तिला काय सांगू?"

"सांगा, म्हातारा जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ठीक आहे. मला आधीपासून माहीत होतं, ते सांगू नका. तिने एवढी वर्षं मला जपलंय."

आणि ते खरोखरच जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे." मी खाली जाऊन वैशालीला तेच शब्द सांगितले. खोटं काहीच बोलावं लागलं नाही.

पुढच्या जानेवारीत मी त्यांची बॅग रिक्षापर्यंत नेली. सवयीने विचारलं, "यंदा किती खोकी मागवणार?"

"खोकी कसली?" आहेर रिक्षात बसत म्हणाले. "लेकीकडे चाललोय."