अंगातली शाळा

लहान मुलाला ताप आला की लोक ‘काळजी घ्या’ म्हणतात. आमचे शेजारी सदारामकाका म्हणतात, “अभिनंदन!” ताप मात्र लशीचा हवा. एकदा हे ऐकून आंधळगावातली एक आजी झाडू घेऊन त्यांच्या मागे धावली होती. काका सुधारले नाहीत.

काका आरोग्य खात्यात लस टोचायचे. निवृत्त झाले, तरी लसीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर हजर. सुई नर्सबाई देतात, भाषण काका देतात, तेही बिनपगारी.

“अंग म्हंजे शाळा हाये जी. लस म्हंजे चोराचा फोटू. गुरुजी दाखवून राहिले, ‘हा आला तं धरा!’ मंग पोट्टे कल्ला करतेत, शाळा तापते.”

“आणि ताप नाहीच आला तर?” मी विचारलं.

“शांत वर्ग हाये. शिकतेत तेबी.”

पेपरात नव्या लशीच्या संशोधनाची बातमी आली की काका ती दोनदा वाचतात. लस फसली असेल तर शास्त्रज्ञांची बाजू घेतात. “फोटू हालला असंन. काढतीन दुसरा.”

आमच्या ओवीला पहिल्या डोसानंतर ताप आला, तेव्हा काका दारात हजर. “अभिनंदन!” माझ्या बायकोनं, वंदनानं, दार धाडकन लावलं. दुसऱ्या डोसाची तारीख आली तशी ती म्हणाली, “पोरगी केवढी रडली! मी नाही नेत आता.” मीही मान डोलावली. घरात शांतता हवी होती, दुसरं काय?

काकांना कळलं. ते येऊन ओसरीवर बसले. भाषण नाही.

“वंदना, माह्या शीतललेबी पयल्या सुईनं असाच ताप आला होता. तिची माय रडली. मी म्हटलं, राहू दे. साऱ्या गावच्या पोराईले टोचून राहिलो होतो अन् घरचीच तारीख टाळली. मंग घटसर्प आला. तिची शाळा अर्धीच राहिली, बाई.”

काकांना मुलगी होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मला माझ्या डोलावलेल्या मानेची लाज वाटली.

वंदना ओवीला केंद्रावर घेऊन गेली. संध्याकाळी ओवीचं अंग तापलं. काका आले, पण दाराबाहेरच उभे राहिले.

“आत या ना काका. अन् म्हणा नं, काहून गप्प आहात?” वंदना म्हणाली.

काकांनी ओवीच्या कपाळावर हात ठेवला. ओठ हलले, पण ‘अभिनंदन’ काही निघेना. मग ते वंदनाकडे बघून म्हणाले, “पोरगी शाळेत गेली, बाई.”