तात्यांच्या कॉम्प्युटरमधले प्रवासी

आमच्या शेजारचे बाळूतात्या कॉम्प्युटर सुरू करताना त्याच्या डब्यावर बोटाने दोनदा टकटक करतात. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की एसटी सुटते ना, तसं. सगळी नोकरी मुरबाड-किन्हवली-शहापूर गाडीवर गेली. रिटायर झाले तरी डबल बेल दिल्याशिवाय त्यांच्या घरात काही हलत नाही.

कॉम्प्युटर जुनाट, लेक सुजाता कॉलेजात असताना घेतलेला. मेमरी एवढीशी, म्हणून तात्यांचा कायदा कडक. उतरणारे आधी उतरणार, मगच दुसरे चढणार. पत्ते खेळायचे तर पंचांग बंद, भजन लावायचं तर पत्ते बंद. मशीन रेंगाळलं की आत काय काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडतात आणि चेकिंगला निघतात. "हा कोण? कुठं चढला? माहीत नाय? मग उतर." एकदा असाच कुणी अनोळखी उतरवला आणि पडदा काळाकुट्ट झाला. ड्रायव्हरच उतरला वाटतं, असं तात्या अगदी शांतपणे म्हणाले.

मी मुरबाडात कॉम्प्युटरचे क्लास घेतो. निदान बोर्डावर तसं लिहिलंय. माझं मशीन नवंकोरं, भरपूर मेमरीचं, तरी ऐन बॅचच्या वेळी मान टाकतं, कारण मी काही बंदच करत नाही. लागेल पुन्हा, म्हणून सगळं उघडं. तात्यांनी एकदा क्लासात येऊन माझा स्क्रीन बघितला आणि विचारलं, "मास्तर, आज बाजाराचा दिवस हाय का रे?" पोरं अजून हसतात. पुढे मी मोठ्या ऐटीत कल्याणहून त्यांच्या मशीनसाठी जादा मेमरी आणली. ती बसेचना. आणण्याआधी मशीनमधली खाच बघायची असते, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो.

तात्यांची ही सगळी शिस्त रविवारसाठी. सुजाता मस्कतला नर्स आहे. काकी गेल्यापासून तिचा रविवारचा व्हिडिओ कॉल हाच त्या घरातला दुसरा आवाज. मोबाइलवर तो घ्यायचा नाही, त्यात म्हणे पोर काडेपेटीएवढी दिसते. म्हणून तात्या सकाळपासूनच एकेक प्रोग्राम उतरवून मशीन तिच्यासाठी रिकामं करून ठेवतात.

गेल्या रविवारी मी तिथंच होतो. बोलता बोलता सुजाता म्हणाली, दिवाळीला यायचं जमत नाही, रजा नाय मिळाली. तात्या बरं बरं म्हणाले, तब्येतीला जप म्हणाले. तेवढ्यात चित्र अडकलं. मी लगेच पुढे सरसावलो आणि सगळी विद्या पणाला लावली. आधी निदान माऊसचा बाण तरी हलत होता, माझा हात लागल्यावर तोही थांबला. सुजाता पडद्यावर तशीच राहिली, हसता हसता.

मग तात्यांच्या मोबाइलवर तिचा फोन आला. ड्यूटीला निघते बाबा, आता पुढच्या रविवारी. तात्यांनी फोन ठेवला. काहीतरी करायला हवं म्हणून मी मशीन बंद करायला बटणाकडे बोट नेलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे रे. एवढ्यात नको उतरवू तिला."

मग आत जाऊन त्यांनी ताट वाढून आणलं, खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि तिच्याकडे बघत जेवायला बसले.