डोंगर वाचवणारी कळशी

पलूसच्या सयाजी मेजरनं एका रविवारी सकाळी तांब्या घ्यायला फळीवर हात घातला आणि वरची स्टीलची कळशी त्याच्या टाळक्यात पडली. सगळी भानगड इथनं सुरू झाली. (मेजर म्हणजे खरा मेजर नव्हे. मिल्ट्रीतनं तो नाईक होऊन परतला होता, पण आमच्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच करतं. बढती द्यायला गावाच्या बापाचं काय जातंय?)

टाळूवर टेंगूळ आलं. ते चोळत मेजरनं जन्मात पहिल्यांदा आपल्या फळीकडं नीट बघितलं. डब्यावर डबा, पातेल्यात पातेलं, ताटांची चळत. सगळी चकचकीत, सगळी उपडी.

"अगं, ही भांडी वापरत का न्हाईस?"

"आहेराची हायती," मनुबाई चुलीपास्नं म्हणाली. "वापरून खराब करायची व्हय?"

"मग ठेवलीयात कशाला?"

"दिसायला!"

आता ह्या सयाजीचा तळ एकदा लोखंडाच्या खाणीशेजारी पडला होता. हिरवागार डोंगर निम्मा कापून नेलेला, खालचा ओढा विटेसारखा तांबडा, आणि त्याचं पाणी म्हशीसुद्धा हुंगून सोडायच्या. ते सगळं त्या टेंगळाबरोबर वर आलं. तो गरजला, "एका कळशीमागं डोंगराचा एक घास जातुया! आजपास्नं ह्या घरात नवं भांडं यायचं न्हाई. आन कुणाला आहेर करायचा तर नवा इकत घ्यायचा न्हाई. फळीवरचाच द्यायचा!"

"आवं, पुढच्या आठवड्यात माझ्या दादाच्या पोरीचं लगीन हाय तासगावला!"

"मग हीच कळशी दिऊ."

"तिच्यावर देणाऱ्याचं नाव घातलंय."

"आसू दे. त्याच्याखाली आपलं घालू."

"दुसरं कंचंबी भांडं न्या, पर ही कळशी नगं. ही कळशी..."

"हीच! हिनं माझं डोस्कं फोडलंय. पयली हीच घराभाईर जाणार!"

मनुबाई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. (नवरा ऐकत नसला की आमच्याकडच्या बायका त्याला अडवत नाहीत. पडू देतात.)

भांड्यांच्या दुकानात बाळासोनं नाव घालायचं मशीन काढलं. "मेजर, वरचं नाव घासून काढू?"

"काढू नगंस! लपवायला मी काय चोरी केलीय?"

बाळासोनं वरचं नाव वाचलं, मेजरच्या तोंडाकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसत मशीन कर्रकर्र चालवलं. नवं भांडं न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शहाणं करून सोडणं हे कुठल्या दुकानदाराचं काम हो?

तासगावला अक्षता पडल्या आणि आहेर पुकारायला आकाराम माइकवर बसला. हा गडी पुढ्यात येईल ते वाचायचा. मधे विचार करायची त्याला सवय नव्हती.

"कळशी एक! लालासाहेब यांच्याकडून... आन सयाजीराव यांच्याकडून... लालासाहेबांस्नी!"

मांडव खदाखदा हसला. लालासाहेब म्हणजे मनुबाईचा थोरला भाऊ, नवरीचा बाप. ती कळशी त्यानंच सयाजीच्या वास्तुशांतीला दिलेली!

लालासाहेबाचा फेटा थरथरायला लागला. "दाजी! माझीच कळशी मला? माझ्याच दारात माझी अब्रू काढताय?"

मनुबाईनं डोळे मिटले. संपलं माहेर, असंच तिला वाटलं. दुसरा कुणी असता तर मांडवाच्या मागनं यष्टी स्टँड गाठला असता. आमच्या मेजरनं आकारामच्या हातनं माइक ओढला.

"व्हय, तुमचीच! दिलीसा तशीच हाय, वरखाडा न्हाई. माझ्या फळीवर नुसती उपडी बसून हुती. तुमच्या फळीवर बी अशाच बसल्यात. खोटं वाटत आसंल तर चला घरात, दावतो! डोंगर पोखरून आणायचा आन फळीवर उपडा घालायचा, ह्याला आहेर म्हणत्यात व्हय? ही कळशी फुडच्या लग्नाला द्या. नाव घाला, लाजू नगा. मी लाजलोय का?"

"लाजाया पायजे हुतं!" मागनं एक म्हातारी ओरडली.

पण गंमत बघा. म्हातारी सोडून सगळ्या मांडवाला ते पटलं. (डोंगराचं पटलं का खिशाचं, ते मी विचारलं नाही. तुम्हीपण विचारू नका. तुमच्या फळीवर काय उपडं आहे ते मला ठाऊक आहे.) लालासाहेबानं रागारागानं ती कळशी शेजारच्या नाथाजीच्या पोराच्या लग्नात दिली. नाथाजीनं ती मिरजेला भाचीच्या लग्नात दिली. तिथनं ती वाळव्याला गेली, खटावला गेली, कराडला एका बारशाला जाऊन आली. प्रत्येक गावात तिच्या अंगावर एक नाव चढायचं. बाळासोच्या दुकानात भांडी धूळ खात पडली. मशीन तेवढं चालायचं.

दुसऱ्या वर्षी मेजरच्या संयोगिताचं लग्न ठरलं.

"आवं, पोरीच्या संसाराला भांडी आहेरातनंच येणार," मनुबाई म्हणाली. "तुमी इकत घिऊ देत न्हाईसा, आन माझी फळी मी हलवणार न्हाई. लोकांस्नी आत्ताच सांगून ठेवा."

"सांगायचं काय त्यात? जो त्यो आपल्या फळीवरचं एकएक काढून आणंल. संसार भरंल आन डोंगर बी जाग्यावर ऱ्हाईल!"

लग्नाला माणूस लोटलं. जिपा भरभरून आलं, पंगतीवर पंगती उठवल्या. पण जो तो हात हलवत. मनुबाई एकेकाच्या बगलेकडं बघत होती. बगला मोकळ्या. शेवटी लालासाहेब शालीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन, मागं सगळे पाहुणे घेऊन, मांडवात आला. शाल काढली. आत तीच कळशी! गळ्यापास्नं खालपर्यंत नावंच नावं.

आकाराम वाचायला लागला. पंगतीतला भात गार झाला तरी नावं संपेनात.

"लालासाहेब," मेजरनं हळूच विचारलं, "बाकीचं?"

"बाकीचं कसलं, दाजी? सगळ्यांनी मिळून ही एक. कुणीबी डोंगराचा घास खाल्ला न्हाई!"

"तुमच्या शबुदाभाईर न्हाई आमी," नाथाजी म्हणाला. "लाजू नगा आता. नाव घाला!"

नवऱ्या मुलाची आई त्या एका कळशीकडं टक लावून बघत होती. तरी मेजर वाकला नाही. त्यानं छाती काढली, माइक धरला आणि ओरडला, "शाब्बास! ह्याला म्हणत्यात पलटण!"

मनुबाई उठली. पदर खोचून घरात गेली आणि फळी रिकामी करायला लागली. डबे, पातेली, ताटं, वाट्या, रोजचं चहाचं भांडं, कपबश्यासुद्धा. सगळं पोत्यात घालून तिनं वरातीच्या जिपेत चढवलं.

"घी बाई," ती पोरीला म्हणाली. "वापर. उपडी घालू नगंस."

पोरगी रडत रडत हसली. कळशी तेवढी तिनं बापाच्या हातात ठेवली. "आबा, ही तुमास्नी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात भांडं म्हणाल तर ती कळशी. मनुबाईनं तिच्यातच चहा उकळला. मेजर धोतराच्या सोग्यात ती धरून ओट्यावर बसला आणि फुंकर मारत म्हणाला, "बघ, एका भांड्यात संसार हुतोय का न्हाई?"

"हुतोय की." मनुबाईनं पत्रिका पुढं केली. "गल्लीतल्या जोतिबाच्या पोराचं लगीन हाय. आहेर करावा लागंल. आन घरात भांडं ह्येच."

मेजरनं कळशी पोटाशी धरली. "ही कशी दियाची? हिच्यावर नावाला जागाच न्हाई ऱ्हायली!"

"बुडावर बघा की. बूड मोकळं आसंल."

मेजरनं लगेच कळशी उपडी करून बघितली.

बूड अगदी कोरं होतं. मेजरचं धोतर तेवढं कोरं राहिलं नाही.